वाचकांचे प्रश्न : दोनशे पानं झाली, अजून हातही धरला नाही!

या अंकासाठी सोलापुरातून आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची निघाली : फँटसी रोमान्स, म्हणजे जादूच्या कल्पित जगातल्या प्रेमकथा, आणि त्यातही स्लो-बर्न, म्हणजे ज्यात प्रेम फार सावकाश पेट घेतं अशा कादंबऱ्या. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मैत्रिणीने फार आग्रह केला म्हणून सहाशे पानांची इंग्रजी फँटसी कादंबरी घेतली. दोनशे पानं संपली तरी नायक-नायिका एकमेकांशी धड बोलतसुद्धा नाहीत. याला स्लो-बर्न म्हणायचं की नुसतं ताणणं? पुढे वाचू की सोडून देऊ?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोनशे या आकड्यावरून काहीच ठरत नाही. सहाशे पानांच्या स्लो-बर्नमध्ये पहिलं चुंबन चारशेव्या पानाच्या आसपास आलं तरी त्यात वावगं काही नाही. तपासायचं ते दुसरंच. एक कोरा कागद घ्या. दोघं जिथे जिथे समोरासमोर येतात तो पान क्रमांक लिहा आणि पुढे एकच ओळ : या भेटीमुळे काय बदललं? एकाला दुसऱ्याचं काही नवं कळलं, कुणी शब्द दिला, कुणी मोडला, हाक मारायची तऱ्हा बदलली, काहीही चालेल. लागोपाठ तीन भेटींपुढे ‘काही नाही’ लिहायची वेळ आली, तर लेखिका ताणते आहे असं खुशाल समजा.

बदल फार बारीक असतो, म्हणून घाईत निसटतो. समजा, दोघं शत्रूपक्षाचे आहेत आणि एकाच मोहिमेवर निघालेत. पहिल्या मुक्कामाला तिला दोर कापायला सुरी हवी असते; तो सुरी दगडावर ठेवतो आणि चार पावलं मागे सरतो. शंभर पानांनंतर तो तीच सुरी मूठ तिच्याकडे करून हातात देतो, म्हणजे पातं स्वतःकडे. आणखी ऐंशी पानांनी ती मागे न बघताच हात पसरते आणि सुरी तिच्या तळव्यात येते. प्रेमाचा शब्द कुणी काढलेला नाही, पण हातातलं शस्त्र दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याइतका विश्वास बसला आहे. हे तीन प्रसंग तुमच्या कागदावर आले नाहीत, तर दोनशे पानांत काहीच घडलं नाही असंच वाटणार.

शेंगाची चटणी उखळात कुटतात तेव्हा बराच वेळ नुसती पूडच दिसते आणि मग एकदम तेल सुटतं. ते तेल शेवटच्या घावाचं नसतं, आधीच्या सगळ्या घावांचं असतं. चांगल्या स्लो-बर्नमधली कबुली अशीच सुटते. म्हणून ‘तो’ प्रसंग आधी शोधून वाचायचा मोह टाळा. एकटा वाचला तर तो चार ओळींचा साधा संवाद वाटतो आणि पुस्तकाबद्दलचं मत उगाच खाली येतं.

आता ताणलेलं कसं ओळखायचं? दोघांमधला अडथळा शोधा आणि विचारा : आज रात्री दोघं खरं बोलले, तर तो संपेल का? संपणार असेल, तर अडथळा कच्चा आहे. ऐकीव गोष्टीवरून झालेला गैरसमज, न पोचलेली चिठ्ठी, ऐन वेळी वाजलेलं दार, यांवर शंभर पानं निघतात, चारशे नाही. पक्का अडथळा खरं बोलल्यावर उलट वाढतो. तिची जादू वापरली की तिची एकेक आठवण पुसली जाते आणि त्याचं राज्य वाचवायला तीच जादू लागणार आहे, असं असेल तर प्रेम कबूल केल्याने पेच सुटत नाही, घट्ट होतो. फँटसीचा खरा उपयोग इथेच. जादूचा नियम आणि प्रेमाचा अडथळा एकाच धाग्याचे असले पाहिजेत. जादू काढून टाकली तरी प्रेमकथा जशीच्या तशी उरत असेल, तर ड्रॅगन आणि किल्ले फक्त पडदा रंगवायला आणलेत.

कागद घेऊन तीनशेव्या पानापर्यंत जा. अर्ध्यावर, किंवा थोडं अलीकडे-पलीकडे, नात्याला एक मोठं वळण यायला हवं : दोघांना एकत्र राहणं भाग पडतं, किंवा एकाचं मोठं गुपित उघडं पडतं. तेही नसेल तर पुस्तक मिटा. मैत्रिणीला कारणासकट सांगता येईल.

प्रश्न : प्रत्येक मागच्या कव्हरवर ‘कणखर नायिका’ लिहिलेलं असतं. आत ती तलवार चालवते, फटकळ बोलते आणि शेवटी तिला नायकच वाचवतो. खरी कणखर नायिका कशी ओळखावी?
– वाचक, नवी पेठ

उत्तर : तलवार बाजूला ठेवा आणि निर्णय मोजा. कथानकाची मोठी वळणं साधारण पाच-सहा असतात. त्यातली किती तिच्या निर्णयाने आली? तीनपेक्षा कमी असतील तर ती घटनांमागून धावते आहे. मग बघा, चुकीच्या निर्णयाची किंमत तिने भरली का? भरली नसेल, तर लेखिका तिला सांभाळून घेते आहे. शेवटी, नायकाला काढून टाकलं तर तिला काही हवं उरतं का? बहिणीचा शोध, गमावलेलं गाव, शिकायची विद्या, काही तरी. प्रेमाखेरीज काहीच नको असलेल्या नायिकेचं प्रेमसुद्धा फिकं लागतं, कारण त्यासाठी तिला काही सोडावं लागत नाही. नायकाने एकदा वाचवलं म्हणून बिघडत नाही. तिनेही त्याला वाचवलेलं असावं, आणि वाचल्यावर पुढचं पाऊल कोणाचं ते बघावं.

याचा उत्तम नमुना महाभारताच्या वनपर्वात आहे : आपल्या विदर्भाची दमयंती. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचं रूप घेऊन बसतात. समोर पाच नळ. ती आपल्या सत्याची शपथ घालून देवांनाच त्यांची खूण दाखवायला लावते. मग चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. धूळ आणि घाम अंगावर असलेला, सावली पडणारा तो नळ. पुढे तो तिला अरण्यात टाकून जातो, आणि त्याला शोधायची योजनाही तीच आखते. ब्राह्मणांकरवी गावोगाव एक प्रश्न फिरवते. अयोध्येतून बाहुक नावाच्या सारथ्याचं उत्तर आलं, की राजा ऋतुपर्णाला निरोप धाडते : दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्याच सूर्योदयाला आहे. एका दिवसात एवढं अंतर रथ पळवू शकेल असा सारथी एकच, नळ, हे तिला माहीत असतं. बाहुक आला तरी ती धावत जात नाही. दासीला पाळतीवर ठेवते, त्याच्या हातचं अन्न चाखून बघते, मुलांना त्याच्यापुढे पाठवते आणि मग समोर येते. हाती शस्त्र एकही नाही, पण सगळी वळणं तिची.

आपल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा आठवा. त्यामागच्या कथेत लग्नाची इच्छा कुंभारकन्येने सांगितली, आणि सिद्धरामेश्वरांनी आपल्या योगदंडाशी विवाहाला संमती दिली. मागणी घालणारी ती आहे, हे आपण वर्षानुवर्षं बघतो आणि विसरतो.

प्रश्न : माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. या जाड इंग्रजी पुस्तकांत पन्नासएक पानांतच नावं आणि शब्द यांच्या गर्दीत हरवायला होतं. काही पद्धत?
– वाचक, होटगी रोड

उत्तर : आधी वेळेचा हिशेब करा म्हणजे धास्ती जाते. पाचशे पानं, पानाला तीनशे शब्द धरले तर दीड लाख शब्द. मिनिटाला १५० शब्दांच्या आरामाच्या गतीने हजार मिनिटं, म्हणजे सतरा तासांच्या आत. रोज चाळीस मिनिटं दिलीत तर २५ दिवस.

पहिली साठ पानं सगळ्यांनाच जड जातात, कारण तिथे जग उभं राहत असतं. बनवलेल्या शब्दांसाठी शब्दकोश उघडू नका. जादूच्या कुळांची, प्राण्यांची, पदव्यांची नावं तिथे सापडणारच नाहीत, ती संदर्भानेच उलगडतात. खरे इंग्रजी शब्दही अडले की लगेच शोधू नका. एखादा तिसऱ्यांदा आला तरच बघा. नाही तर पानामागे दहा वेळा थांबणं होतं आणि संवादाचा ताण तुटतो. या प्रकारात सगळी मजा त्या ताणातच असते.

नावांसाठी बुकमार्क म्हणून जाड कागदाची पट्टी ठेवा : नाव, कोणाच्या बाजूचा, नायिकेशी नातं. पंधरा नावं पुरतात. नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि प्रकरणाच्या डोक्यावर नाव छापलंय का ते आवर्जून बघा. तसं असेल तर ते प्रकरण त्या पात्राच्या नजरेतून आहे. दोघांची प्रकरणं आलटून-पालटून येत असतील तर त्याचं मन तिच्या आधी तुम्हाला कळतं, आणि उत्सुकता ‘प्रेम आहे का’ याची न राहता ‘तिला कधी कळणार’ याची होते. हे ध्यानात आलं नाही की वाचक उगाच नायिकेवर वैतागतो.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी ही पुस्तकं मागते. कव्हरं तर चित्रकथेसारखी गोंडस असतात. घेऊन द्यावीत का?
– एक आई, विजापूर रोड

उत्तर : कव्हरवर विश्वास ठेवू नका. ‘यंग ॲडल्ट’ ही पुस्तकं साधारण बारा ते अठरा वयासाठी असतात, ‘न्यू ॲडल्ट’ अठराच्या पुढच्यांसाठी. दुकानात मात्र दोन्ही एकाच फळीवर दिसतात. मोठी माणसं पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं चाळून हो म्हणतात. स्लो-बर्नमध्ये तिथे काहीच नसतं. शरीरसंबंधाची सविस्तर वर्णनं असलीच तर निम्म्यानंतर, बहुतेकदा दोन-तृतीयांश पुस्तक संपल्यावर येतात. तेव्हा पाचशे पानांच्या पुस्तकात ३२० ते ४२० ही पानं चाळा. सुरुवातीला मजकुराबद्दल लेखिकेची सूचना असेल तर तीही वाचा.

वर्णनांपेक्षा आम्हाला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. काही पुस्तकांत नायक तिच्यावर पाळत ठेवतो, तिच्या वतीने निर्णय घेतो, आणि त्याला प्रेम म्हटलेलं असतं. त्याचं वय पाचशे वर्षं आणि तिचं एकोणीस, हेही नेहमीचं. असं पुस्तक तिच्या हाती आलंच तर हिसकावू नका. तुम्हीही वाचा आणि तिला विचारा, ‘तिने नाही म्हटलं तेव्हा तो थांबला का?’ चौदा वर्षांच्या मुली याचं उत्तर नेमकं देतात.

प्रश्न : मराठीत असं काही आहे का?
– वाचक, सात रस्ता

उत्तर : मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अद्भुतरम्य कादंबऱ्या भरपूर होत्या. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. पण त्या प्रकारात प्रेम चटकन जमतं आणि विघ्नं बाहेरून येतात. स्लो-बर्नमध्ये विघ्न मनातही असतं, हा मोठा फरक. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात ‘अद्भुतरम्य’ असंच विचारा; ‘फँटसी’ म्हटलंत तर बालविभागाकडे बोट दाखवलं जाण्याची शक्यता आहे.

प्रश्न : मालिकेचे दोनच भाग आलेत. वाचू की थांबू?
– वाचक, अशोक चौक

उत्तर : पहिल्या भागाच्या शेवटी निदान एक धागा पूर्ण होत असेल तर वाचा. भर दरीच्या टोकाला सोडत असेल तर थांबा. भेटींचा कागद मात्र जपून ठेवा. पुढचा भाग वर्षा-दोन वर्षांनी आला तर पहिला पुन्हा वाचावा लागत नाही.

प्रश्न : पदपथावरून स्वस्तात घेतलेल्या प्रतीत १९२ नंतर थेट २०९ पान आलं. शिवाय पानं सुटू लागलीत.
– वाचक, पार्क चौक

उत्तर : सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला जुडगा, बांधताना राहिला आहे. राखट कागद, आरपार दिसणारी छपाई आणि पुसट कव्हर असेल तर प्रत बहुधा चोरून छापलेली आहे. घेताना दर सोळा पानांनी आकडा तपासत गेलात तर दोन मिनिटांत कळतं. पानं सुटतात ती डिंकाच्या बांधणीमुळे. एप्रिल-मेमध्ये पुस्तक गाडीच्या डिकीत राहिलं की चांगल्या प्रतीचाही डिंक मऊ होतो आणि उघडताना कणा फाटतो. सुटलेली पानं क्रमाने लावा, कण्याच्या कडेला फेविकॉलचा पातळ हात द्या, वर जड पुस्तक ठेवून रात्रभर सावलीत वाळू द्या. राहिलेली सोळा पानं ग्रंथालयातल्या प्रतीतून वाचून घ्या. १९३ ते २०८ मध्ये दोघांची भेट असेल, तर ती सोडून पुढे जाऊ नका.