बोट २८ लाखांची, भोक ४८ लाखांचं

प्रश्न: मी ६७ वर्षांचा, मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेला चीफ इंजिनिअर. पत्नी ६३. मुलगी तिच्या संसारात सुखी. घर स्वतःचं, कर्ज नाही, खर्च महिना ६० हजार. एफडी ७० लाख, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख, इक्विटी म्युच्युअल फंडात २५ लाख. सोयीसाठी सगळं माझ्या एकट्याच्या नावावर आहे, नॉमिनी पत्नी. बँकेतून घेतलेली हमखास परताव्याची एक पॉलिसी आहे: वर्षाला ६ लाख, दहा वर्षं. दोन हप्ते भरलेत. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरून कॅरिबियनपर्यंत शिडाच्या बोटीतून अटलांटिक एकट्याने ओलांडायचा आहे. पोर्तुगालमध्ये ३० फुटी जुनी बोट २८ लाखांना मिळते आहे, डागडुजीला ४ लाख धरलेत. जपानचे केनिची होरिए ८३व्या वर्षी पॅसिफिक पार करतात, मग मी का नाही? प्रायोजक मिळतील, व्हिडिओ चॅनेलही काढणार आहे. एफडी मोडू की फंडांवर कर्ज काढू?

उत्तर: कर्ज नको. दहा टक्क्यांच्या आसपास व्याज भरून विकत घ्यायची ती वस्तू एक पैसा कमावणार नाही. त्यात बाजार पडला तर ऐन महासागरात असताना सावकार जादा तारण मागणार. पैसे कुठून काढायचे ते शेवटी सांगतो. आधी तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी.

पहिली म्हणजे ‘सगळं माझ्या एकट्याच्या नावावर’. नॉमिनीचा हक्क मृत्यूनंतर सुरू होतो आणि मृत्यूचा दाखला लागतो. एकटा माणूस समुद्रात नाहीसा झाला तर दाखला कोण देणार? देह नाही, साक्षीदार नाही. आपल्या कायद्यात सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तरच माणूस मृत धरतात. साक्ष अधिनियमाचं हे जुनं १०८वं कलम, आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १११वं. त्याआधी परिस्थितीजन्य पुराव्यावर न्यायालयाकडून निकाल मिळू शकतो, पण ती लढाई तुमच्या पत्नीने कशाच्या जोरावर लढायची? १२५ लाख रुपये घरात असून दूधवाल्याचं बिल मुलीकडून मागायची पाळी येईल. इतकं टोकाला जायलाही नको. तुम्ही धडधाकट आहात, फक्त किनाऱ्यापासून हजार मैलांवर आहात, आणि इथे पत्नीला शस्त्रक्रियेसाठी पाच लाख हवेत. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येणार.

दुसरी गोष्ट पॉलिसी. ‘तुमच्यानंतर मॅडमना संरक्षण’ असं सांगूनच ती विकली असणार. आता वरच्या सात वर्षांशी जोडून पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात स्पष्ट केलं आहे की सात वर्षांनंतर माणूस मृत धरला, तरी तो नेमका कधी गेला हे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे दावा करेपर्यंत हप्ते भरून पॉलिसी चालू ठेवावी लागते. म्हणजे पत्नीने ज्या एफडीला हात लावता येत नाही, त्याच एफडीतून वर्षाला ६ लाख भरत राहायचे. नाही भरले तर संरक्षण बंद. तुमच्या बेतात हे संरक्षण नेमकं लागेल तेव्हाच गळून पडणारं आहे.

परताव्याचं बघू. अशा योजना ‘पैसे दुप्पट’ सांगून विकतात, म्हणजे बहुधा ६० लाख भरा, विसाव्या वर्षी १.२ कोटी घ्या. ऐकायला झकास. हिशेब केला की वर्षाला साडेचार टक्के, आणि तेव्हा तुम्ही ८५ वर्षांचे. ‘टॅक्स फ्री’ही सांगितलं असेल. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा वार्षिक हप्ता ५ लाखांच्या वर असेल तर मुदतपूर्तीच्या रकमेतली वाढ करपात्र आहे. तुमचा हप्ता ६ लाख. पासष्टीच्या, पगार बंद झालेल्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता लावून देणाऱ्याला सल्लागार म्हणू नका, त्याचं टार्गेट तुम्ही पुरं केलंत.

तुमचं उत्पन्न किती? एफडीचे ४.९ लाख, ज्येष्ठ नागरिक योजनेचे ८.२ टक्क्यांनी साधारण २.५ लाख. एकूण ७.४. घरखर्च ७.२. म्हणजे हप्ता मुद्दलातून जातोय. उरलेले आठ हप्ते ४८ लाखांचे. बोटीची किंमत २८. तुम्ही मला लहान आकड्याबद्दल विचारलंत.

पॉलिसी रागाने सरेंडर करू नका. दोन हप्त्यांवर सरेंडर मूल्य भरलेल्या १२ लाखांपेक्षा बरंच कमी निघेल. त्याऐवजी ती पेड-अप करा. हप्ते थांबतात, लाभ भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात उरतो, इथे साधारण दोन दशांश. मुख्य म्हणजे पुढे हप्ताच नसल्यामुळे वरची अडचण मिटते. सरेंडर मूल्य आज उचलण्यापेक्षा हे बहुतेक वेळा सरस ठरतं. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्या.

आता बोट. युरो शंभर रुपये धरतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर बदलायच्याच: ४ लाख. एकट्याला सुकाणूवर चोवीस तास बसता येत नाही, म्हणून वाऱ्यावर चालणारं स्वयंसुकाणू लागतं: साडेपाच लाख. विजेवरचे छोटे ऑटोपायलट बॅटरी पितात आणि खाऱ्या पाण्याने मरतात, तो जोडीला असावा, भरवशाला नसावा. शिडं साडेतीन लाख. जीवरक्षक तराफा, उपग्रहाला संकटसंदेश देणारा बीकन, जहाजांची चाहूल देणारं एआयएस: साडेतीन लाख. सोलर, बॅटऱ्या अडीच लाख. बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे आणि तळाचा रंग: १ लाख. झाले २० लाख, तुमच्या ४ च्या जागी. बंदरभाडं, विमानप्रवास, व्हिसा, शिधापाणी ७ लाख. एकूण ५५.

५५ काढले तर ७० उरतात आणि पॉलिसीचे हप्ते चालू ठेवले तर बचत योजनेबाहेरचा पैसा पाचव्या वर्षात संपतो. तुम्ही ७२चे, पत्नी ६८च्या.

हे ५५ ‘गुंतवणूक’ म्हणून मनात धरू नका. एकट्याने महासागर ओलांडणाऱ्या बोटीचा विमा बहुतेक कंपन्या उतरवत नाहीत. त्यांना बोटीवर किमान दोन माणसं हवी असतात. एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांची २०१८च्या सप्टेंबरात समुद्रातून सुटका झाली, पण त्यांची बोट समुद्रातच सोडावी लागली. समुद्रात जीव वाचवण्याचे पैसे घेत नाहीत, बोटीला मात्र कुणी बांधील नसतं. सुखरूप पोचलात तरी कॅरिबियनमध्ये १ जूनपासून वादळांचा हंगाम. मे महिन्यात घाईने विकणारा परदेशी म्हातारा दिसला की गिऱ्हाईक भाव पाडणारच. विक्रीची किंमत शून्य धरा.

होरिए यांचं उदाहरण पूर्ण घ्या. त्यांनी पॅसिफिक पहिल्यांदा एकट्याने ओलांडला १९६२ साली, २३व्या वर्षी. २०२२ची सफर साठ वर्षांच्या सरावानंतरची, बोट फक्त १९ फुटी, आणि तिच्या नावातच प्रायोजक कंपनीचं नाव. तुमच्या पत्रात शिडाच्या अनुभवाचा एक शब्द नाही. इंजिनरूममध्ये कितीही वर्षं काढली असली तरी शीड कमी करणं त्यात येत नाही. प्रायोजक आणि चॅनेल यांचं उत्पन्न शून्य धरलं आहे, तुम्हीही धरा.

जायचंच असेल तर लहान बोट घ्या. अल्बिन व्हेगा किंवा कॉन्टेसा २६ सारख्या २६-२७ फुटी जुन्या बोटी महासागर ओलांडत आल्या आहेत आणि ६ ते ८ लाखांपासून मिळतात. कुणीतरी स्वयंसुकाणू आणि नव्या तारा बसवून बेत सोडून दिलेला असेल, तीच शोधा; त्याने घातलेला खर्च त्याला विक्रीत परत मिळत नाही, तो तुम्हाला मिळतो. अशी बोट दिवसाला शंभर सागरी मैल धरली तर कॅनरीतलं लास पाल्मास ते कॅरिबियनमधलं सेंट लुसिया हे साधारण २,७०० मैल चार आठवड्यांचे. पाणी-शिधा चाळीस दिवसांचा. युरोपच्या सामायिक शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि कॅनरी बेटंही त्यातच मोडतात, म्हणून बोट दक्षिण पोर्तुगाल किंवा कॅनरीतच घ्या. डागडुजीत उन्हाळा घालवलात तर नोव्हेंबरात प्रवेशच मिळणार नाही.

एकूण मर्यादा २५ लाख, एक रुपया वर नाही. १५ फंडातून, १० एफडीतून. फंडातले १५ आजच काढा, वर्षभरात लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवत नाहीत. परदेशी पैसे पाठवताना आर्थिक वर्षात १० लाखांवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे करापोटी आगाऊ रक्कम, कापते. रिटर्न भरल्यावर तो परत मिळतो, तोवर अडकतो. रक्कम मार्च आणि एप्रिल अशी विभागून पाठवलीत तर बराचसा वाचतो.

उरलेल्या ६० लाखांच्या एफडीपैकी ३० लाख पत्नीच्या स्वतःच्या नावे ज्येष्ठ नागरिक योजनेत घाला. त्या ६३च्या आहेत, त्यांची ३० लाखांची मर्यादा कोरी आहे. व्याज करासाठी तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल, तरी चालेल. दोघांच्या योजना ४.९ आणि एफडी २.१, म्हणजे ७ लाख. घरखर्चाला महिना दीड-दोन हजार कमी, तेवढं जमेल. महागाई धरली तर मात्र हा पैसा तुमच्या ८३व्या वर्षाच्या आसपास आटतो, तेव्हा पत्नी ७९च्या. पुढे फक्त राहतं घर. २५ लाख म्हणजे साडेतीन वर्षांचा संसार, आणि तो दोघांचा आहे. हा कागद त्यांच्यासमोर ठेवा.

निघण्याआधी सगळ्या एफडी आणि बचत खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने संयुक्त करा. मुदतीआधी एफडी मोडायला बँका एरवी दोघांच्या सह्या मागतात, म्हणून एकाच्या सहीने मोडता येईल असं लेखी देऊन ठेवा. मोबाइलचं सिम घरी, पत्नीच्या हातात. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसह. रोज ठरल्या वेळी उपग्रहावरून जागा कळवणारं यंत्र घ्या. ती रोजची नोंद म्हणजे वाईट प्रसंगी पत्नीच्या हातातला पुरावा. ते युरोपातच विकत घ्या आणि घरी आणू नका, विनापरवाना उपग्रह यंत्र बाळगल्याबद्दल आपल्या विमानतळांवर लोक अडकले आहेत.

पॉलिसीचा तिसरा हप्ता जवळ आला असेल तर बँकेतली ऑटो-डेबिटची सूचना आधी रद्द करा. तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते. बँकेतून फोन येईल, ‘सर, आतापर्यंतचे बुडतील.’ पेड-अपचा आकडा ईमेलवर मागा आणि फोन ठेवा.