साहेबांना काय सांगायचे आणि किती?

‘माझा आजार ऑफिसमध्ये सांगू की नको?’ हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पुष्कळ जणांच्या मनात असतो, पण तो विचारला जातो तो बहुधा सत्र संपता संपता, खुर्चीतून उठताना. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर मिळेल अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते आणि ती मी सहसा पुरी करत नाही. त्यामागचे कारण एका गृहस्थांच्या उदाहरणातून सांगते. त्यांच्या संमतीने हा अनुभव मांडत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ एका मोठ्या कंपनीच्या संगणक यंत्रणांवर देखरेख ठेवणाऱ्या विभागात काम करत होते. त्यांना बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे मनःस्थिती कधी अति उंचावण्याचा आणि कधी खोल खचण्याचा विकार होता. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या लिथियमने दीर्घ काळ तब्येत स्थिर होती आणि कामाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पुढे विभागाचे वेळापत्रक बदलले आणि सर्वांना आळीपाळीने रात्रपाळी लागू झाली. डॉक्टरांनी ‘रात्रपाळी नकोच’ असे बजावले, पत्नीने ‘अहो, काही बोलू नका, हातची नोकरी जाईल’ असे विनवले, आणि या दोन वाक्यांच्या कात्रीत सापडून ते माझ्याकडे आले.

डॉक्टरांच्या आग्रहामागे ठोस कारण होते. या विकारात झोपेची घडी विस्कटणे हा केवळ त्रासाचा भाग नसतो. सलग जागरणांमुळे उन्मादाचा झटका येऊ शकतो. शिवाय लिथियमची रक्तातील पातळी ठरावीक मर्यादेत राहावी लागते, ती शेवटच्या मात्रेनंतर साधारण १२ तासांनी तपासतात, आणि दर आठवड्याला दिवसाची रात्र होऊ लागली की गोळीच्या व तपासणीच्या वेळा सांभाळणे अवघड होते. पत्नीची भीतीही पोकळ नव्हती. लिथियमने हाताला किंचित कंप येऊ शकतो. एकदा कागदावर सही करताना तो पाहून शेजारच्या सहकाऱ्याने ‘काल जरा जास्त झाली वाटतं’ असे म्हटले होते आणि सगळे हसले होते. कंपाचा एवढा अर्थ निघतो, तर आजाराच्या नावाचा काय निघेल, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

पहिल्या भेटीत त्यांनी फोनवर लिहून ठेवलेला एक मजकूर मला वाचून दाखवला. वरिष्ठांना पाठवायच्या त्या ईमेलमध्ये निदान कधी झाले, पहिल्या झटक्यात घरी काय काय घडले, रुग्णालयात कसे दाखल केले, कोणती औषधे चालू आहेत, हे सारे होते आणि शेवटी ‘आजवर आपल्याला फसवल्याबद्दल क्षमा असावी’ असेही होते. रात्रपाळीचा उल्लेख मात्र एका ओळीत, तोही मध्येच कुठेतरी. हा मजकूर कधी लिहिला, असे मी विचारले तेव्हा कळले की तो पहाटे, झोप उडालेली असताना लिहिला होता.

इथे थोडे थांबते, कारण ही गोष्ट मी वारंवार पाहते. सांगावे की न सांगावे याचा निर्णय अनेकदा माणसाऐवजी त्याची त्या वेळची मनःस्थिती घेत असते. मन उंचावलेले असेल तर ‘लपवायचे कशाला, सगळ्यांना कळू दे’ असा उत्साह येतो आणि एका बैठकीत आयुष्य उघडे करून माणूस मोकळा होतो. खचलेला असेल तर आपण सर्वांवर ओझे आहोत या भावनेतून तो गुन्ह्याची कबुली द्यावी तसा आजार सांगतो, वर राजीनामाही पुढे करतो. चिंतेच्या विकारात याच्या उलट होते: ज्याने थोडेसे सांगितले असते तर रजा सहज मिळाली असती, तो महिनोन्‌महिने खोटी कारणे रचत राहतो आणि त्या खोट्याचीच धास्ती घेतो. सांगितलेले परत घेता येत नाही. म्हणून माझा साधा नियम असा की झोप आणि तब्येत ठीक असलेल्या काळात, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी तोच निर्णय टिकला, तरच पुढे जावे.

पुढच्या भेटींत आम्ही प्रश्नच बदलला. आजार सांगायचा का, हे बाजूला ठेवून कंपनीकडून नेमके काय हवे आहे, हे आधी लिहायला घेतले. त्यांना सहानुभूती नको होती, हलके काम नको होते, रजाही नको होती. हवी होती ती कायम दिवसपाळी आणि रक्ततपासणीसाठी अधूनमधून एखादी सकाळ. एवढे मिळवण्यासाठी कोणाला किती कळणे भाग आहे, याचे उत्तर मग फारसे अवघड राहिले नाही. पाळ्या लावणाऱ्या मॅनेजरला वैद्यकीय कारण आहे एवढे पुरेसे होते. एचआरला डॉक्टरांचे पत्र लागणार होते, पण त्या पत्रात निदान असलेच पाहिजे असे नव्हते. कोणती पाळी टाळावी आणि किती काळ, हे डॉक्टर निदानाचे नाव न घेताही लिहू शकतात. काहीच मागायचे नसेल, काम नीट चालले असेल आणि केवळ मनाला बोचते म्हणून सांगावेसे वाटत असेल, तर ते आधी समुपदेशकाशी किंवा जवळच्या माणसाशी बोलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वरिष्ठ कितीही भला असला तरी आपल्या बढतीचा कागद त्याच्याच टेबलावर असतो.

कायद्याचा आधार आहे, पण तो कुठवर पोहोचतो हे समजून घ्यावे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात कामाच्या ठिकाणी वाजवी सोय करून देण्याचे तत्त्व आहे आणि दीर्घकालीन मानसिक आजारही त्याच्या कक्षेत येऊ शकतो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार नोकरी देऊ करण्यापूर्वी उमेदवाराला आरोग्याविषयी विचारण्यावर, काही अपवाद वगळता, बंधन आहे. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण तो मुख्यतः उपचार करणाऱ्यांना बांधतो. आपणच सहकाऱ्याला सांगितलेली गोष्ट तो सहकारी पुढे नेणार नाही, याची हमी त्यातून मिळत नाही. दुसरे म्हणजे, गप्प राहणे वेगळे आणि लेखी खोटे बोलणे वेगळे. वैद्यकीय तपासणीच्या किंवा विम्याच्या अर्जात थेट प्रश्न असेल आणि तिथे ‘नाही’ लिहिले, तर पुढे दावा नाकारला जाण्याची किंवा नोकरीवर गंडांतर येण्याची वेळ येऊ शकते. ज्यांच्या हाती विमान, रेल्वे किंवा शस्त्र असते, त्यांच्यासाठी तर हा खासगी निर्णय राहतच नाही. तिथे नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगावेच लागते.

या गृहस्थांनी अखेरीस पाठवलेला मजकूर असा होता: ‘दीर्घकाळ चालू असलेल्या वैद्यकीय उपचारांमुळे मला रात्री काम करणे डॉक्टरांनी मना केले आहे. डॉक्टरांचे पत्र एचआरकडे दिले आहे. रात्रपाळीऐवजी सुट्टीच्या दिवशी दिवसा काम करण्याची माझी तयारी आहे.’ शेवटचे वाक्य त्यांचे स्वतःचे, आणि माझ्या मते तेच कामी आले. कारण एकाची रात्रपाळी रद्द झाली की ती दुसऱ्याच्या वाट्याला जाते आणि कुजबुज तिथूनच सुरू होते. मॅनेजरने ‘नेमके काय झाले आहे?’ असे विचारलेच. त्याची तयारी आम्ही सत्रात मोठ्याने बोलून केलेली होती. ‘उपचार चालू आहेत, तब्येत स्थिर आहे, कामाच्या बाबतीत एवढीच अडचण आहे,’ असे सांगून ते थांबले. थांबणे त्यांना फार जड गेले, समोरची शांतता भरून काढण्यासाठी सगळे सांगून टाकावेसे वाटत होते, असे त्यांनी नंतर सांगितले. दिवसपाळी मिळाली. रात्रपाळीचा भत्ता गेला आणि घरचे गणित त्याप्रमाणे बसवावे लागले.

आजाराचे नाव मात्र त्यांनी एका व्यक्तीला सांगितले, आणि तेही पुष्कळ महिन्यांनी, पूर्ण विचारांती. रोज शेजारी बसणाऱ्या, जुन्या ओळखीच्या सहकारी बाईंना. तिथे हेतू वेगळा होता. मनःस्थिती उंचावू लागली की ती स्वतःला सर्वांत शेवटी कळते. बोलण्याचा वाढलेला वेग, अवेळी येणाऱ्या लांबलचक ईमेल, एकाच वेळी हाती घेतलेली चार कामे, ही लक्षणे बाहेरच्याला आधी दिसतात. त्यामुळे त्यांनी त्या बाईंशी बोलून ठरवून घेतले की असे काही दिसले तर आधी त्यांनाच बाजूला घेऊन सांगायचे, त्यांनी उडवून लावले तर पत्नीला फोन करायचा, आणि मॅनेजरकडे किंवा एचआरकडे जायचे नाही. पत्नीचा नंबर दिला तो पत्नीला विचारूनच. सुरुवातीला ‘बोलू नका’ म्हणणाऱ्या पत्नीने त्या बाईंना एकदा घरी बोलावून झोपेच्या तक्रारी कशा सुरू होतात ते स्वतः समजावून सांगितले. त्या फोनची गरज आजवर पडलेली नाही. बाजूला घेऊन सांगण्याची वेळ एकदा आली, तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन औषधाची मात्रा तपासून आले.