मोटरहोम आधी मागून पाहा

प्रश्न : ताई, आम्ही डेट्रॉइटजवळ नोवायला राहतो. गेल्या वर्षी १९ फुटी जुनी बो-रायडर (पुढेही बसायची जागा असलेली) बोट घेतली, ट्रेलरसकट. या उन्हाळ्यात सांगलीहून आई-बाबा येणार आहेत. आम्ही दोघं, दोन मुलं आणि ते दोघं असे मोटरहोमने (आत राहता-झोपता येईल अशा गाडीने) आधी हिगिन्स लेक आणि मग वर ट्रॅव्हर्स सिटीकडे जायचं म्हणतोय, बोट मागे जोडून. डीलरकडे एक ३२ फुटी क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं) मोटरहोम फार आवडलं. तीन स्लाइड-आउट (गाडी उभी केल्यावर बाहेर सरकवून जागा वाढवायचे भाग), आई-बाबांना वेगळी बेडरूम. सेल्समन म्हणाला, ‘टो-रेडी आहे, म्हणजे ट्रेलर ओढायला तयार, पाच हजार पौंड आरामात ओढेल.’ बोटीच्या माहितीपत्रकात वजन तीन हजार पौंड दिलंय, म्हणजे अडचण नसावी. घेऊन टाकावं का? याच गाडीने रॅम्पवरून बोट पाण्यात सोडता येईल ना? घरी होंडा पायलट (ऑल-व्हील ड्राइव्ह) आहे, पण बाबांचं म्हणणं, एक गाडी असताना दुसरी कशाला न्यायची?
— एक वाचक, नोवाय, मिशिगन

उत्तर : घेऊ नका, हे आधीच सांगते. माझी सगळी नोकरी गाड्यांच्या चेसिस (खालचा सांगाडा) आणि ब्रेकच्या खात्यात गेली, त्यामुळे मोटरहोम बघायला गेले की मी आत शिरतच नाही. आधी मागे जाते. तुम्हीही पुढच्या खेपेला सोफा, ओव्हन, बेडरूम बघण्याआधी मागच्या बंपरखाली वाकून बघा. तिथे हिच असतं, म्हणजे ट्रेलर जोडायची जागा. त्याच्या रिसीव्हरवर (खोबणीवर) स्टिकर असतो आणि त्यावर दोन आकडे असतात : किती वजन ओढायचं आणि हिचवर किती वजन टेकू द्यायचं, म्हणजे टंग वेट. क्लास सी गाड्यांवर बहुधा ५,००० आणि ५००, नाहीतर ७,५०० आणि ७५० पौंड दिसतात. इंजिनाची ताकद कितीही असो, या दोन आकड्यांच्या पुढे जायचं नाही.

आता तुमची बोट. माहितीपत्रकातले तीन हजार पौंड कोरड्या बोटीचे. ३५ गॅलनची टाकी भरली की पेट्रोलचे दोनशेच्या वर. ट्रेलर नऊशेच्या आसपास. बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, बर्फाची पेटी, मुलांची ट्यूब धरून अडीचशे. झाले जवळजवळ ४,४००. त्याचे दहा टक्के हिचवर टेकणार, म्हणजे ४४० पौंड. पाच हजारांच्या हिचवर हे बसतं खरं, पण अगदी कडेला. ७,५०० चं हिच असलेलीच गाडी घ्या.

पण ३२ फुटी गाडी नापसंत करण्याचं खरं कारण हिच नाही. प्रवाशांच्या दाराच्या आतल्या बाजूला आणखी एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून गाडीत एकूण किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. खाली हेही छापलेलं असतं की भरलेल्या टाकीतलं पाणी आणि मागच्या ट्रेलरचं टंग वेट याच आकड्यात धरायचं. लांब गाडीत प्रत्येक स्लाइड-आउट, प्रत्येक कपाट त्यातलं वजन खात जातं. तुमचा हिशेब मांडू : सहा माणसं साधारण ८५० पौंड, चाळीस गॅलन पाणी ३३०, टंग वेट ४४०. हे झाले १,६२०. अजून आईंचा कुकर, डाळ-तांदूळ, कपडे, अंथरुणं, खुर्च्या, मुलांच्या सायकली काहीच चढलेलं नाही. त्या ३२ फुटीच्या दारावरचा आकडा बघून या. १,६२० च्या खाली असेल तर विषयच संपला.

दुसरी गोष्ट मागच्या शेपटीची. मागच्या चाकापासून हिचच्या गोळ्यापर्यंतचं (ज्यावर ट्रेलर टेकतो) अंतर टेपने मोजा. ३२ फुटी गाडीत ते ११ फूट आणि पुढच्या व मागच्या चाकांमधलं अंतर १८ फूट धरू. इतक्या लांब टोकाला ४४० पौंड टेकले की मागच्या एक्सलवर ४४० नाही, जवळपास ७१० पौंड येतात आणि पुढची चाकं २७० पौंडांनी हलकी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांवर चालतं. हायवेवर बाजूने ट्रक गेला की गाडी हेलकावते, ती अशाच गाड्यांत जास्त.

आता रॅम्प. इथे बरेच जण उलटा सल्ला देतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. चांगल्या रॅम्पचा उतार १२ ते १५ टक्के असतो, म्हणजे शंभर फुटांत बारा ते पंधरा फूट खाली. बोट तरंगायला ट्रेलरच्या चाकांपाशी पावणेतीन-तीन फूट पाणी लागतं. १४ टक्क्यांचा उतार असेल तर ती चाकं काठापासून वीस फूट आत गेली की काम होतं. गोळा ते ट्रेलरची चाकं हे अंतर पंधरा फूट धरलं, तर गोळा काठापासून पाचच फूट आत जातो आणि लांब शेपटीच्या मोटरहोमची मागची चाकं कोरडीच राहतात. इथे शेपूट उपयोगीच पडते. पण उतार ८ टक्क्यांचा असला तर तेवढ्याच पाण्यासाठी ट्रेलर पस्तीस फूट आत न्यावा लागतो. मग गोळा वीस फूट आत, तिथे पाणी दीड फुटाच्या वर, म्हणजे बंपरपर्यंत. सायलेन्सरचं तोंड, सांडपाण्याचा पाइप, कधी जनरेटर, सगळं तिथेच लटकत असतं. म्हणून मोटरहोमने बोट सोडणाऱ्याने उथळ रॅम्प टाळावा.

माथ्याचाही विचार करा. सपाट जागा संपून उतार सुरू होतो तिथे पुढची चाकं वर आणि मागची खाली असतात. चाकांमध्ये १८ फूट अंतर असलेल्या गाडीचं पोट १४ टक्क्यांच्या माथ्यावर मधोमध साडेसात इंच खाली येतं. पायरी, टाक्यांची तळं यांना तेवढी मोकळीक आहे का, ते डीलरच्या आवारातच मोजा. आणि रॅम्पचं पार्किंग मोटार अधिक ट्रेलर अशा लांबीच्या हिशेबाने आखलेलं असतं. ३२ फुटी गाडीमागे ट्रेलर लावून शनिवारी सकाळी तिथे जागा शोधणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत सहा जणांना शेजारी-शेजारी बसवणं.

क्लास बी व्हॅन (व्हॅनच्याच आत केलेलं छोटं मोटरहोम) तुम्ही विचारली नाहीत, तरी एका वाक्यात : रॅम प्रोमास्टरवरच्या व्हॅन पुढच्या चाकांनी चालतात, ओल्या शेवाळलेल्या रॅम्पवरून वर येताना वजन मागे सरकून नेमकी तीच चाकं घसरतात, शिवाय बहुतेकांची ओढायची मर्यादा ३,५०० पौंड, आणि सहा माणसं त्यात मावत नाहीत.

तर मग काय घ्यावं? फोर्ड ई-४५० चेसिसवरचं, २६-२८ फुटांचं क्लास सी, एक स्लाइड-आउट, ७,५०० चं हिच. या चेसिसची स्वतःची मर्यादा १४,५०० पौंड आणि ट्रेलरसकट एकूण २२,०००, त्यामुळे तुमची बोट निवांत बसते. मागे दुहेरी चाकं आणि मागच्याच चाकांना ताकद. घेताना बेड मोजू नका, सीट बेल्ट मोजा. ‘आठ जण झोपतात’ अशी जाहिरात असलेल्या गाडीत बेल्ट सहाच असू शकतात, आणि तुम्ही सहा जण आहात. वेगळी बेडरूम मिळणार नाही कदाचित, पण मागे कोपऱ्यातला पलंग आई-बाबांना द्या. ड्रायव्हरच्या डोक्यावरची झोपायची जागा मुलांना आवडते, तिथे शिडी चढून जावं लागतं, ती आई-बाबांसाठी नाहीच.

आणि बाबांना माझ्याकडून नम्रपणे सांगा की पायलट बरोबर न्याच. मोटरहोमने बोट ओढा, मागून तुमच्यापैकी एकाने पायलट आणा. हिगिन्स लेकच्या दक्षिण टोकाला साउथ हिगिन्स लेक स्टेट पार्क आहे, कॅम्पिंग आणि बोटीचा रॅम्प दोन्ही तिथेच. पोचलात की मोटरहोम जागेवर उभं करा, पाणी-वीज जोडा आणि मग पूर्ण मुक्काम ते हलवू नका. ट्रेलर पायलटला लावा. तिची मर्यादा ५,००० पौंड आहे. रॅम्पपर्यंत गाडीत दोघंच बसा, बाकीचे चालत येऊ देत. नाहीतर बोट सोडायची म्हणजे रोज सकाळी स्लाइड आत, नळ्या सुटलेल्या, भांडी कपाटात, आणि आईंचा चहा अर्धवट. अख्ख्या सहलीची मजा यात जाते, हे मी अनेक कुटुंबांचं पाहिलंय. पायलटला हिच, ट्रेलरच्या दिव्यांची वायरिंग आणि गिअरबॉक्सच्या तेलासाठी होंडाच्या पुस्तिकेत काय सांगितलंय, ते तेवढं आधी करून घ्या.

ब्रेकबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जुना ट्रेलर आहे म्हणून सांगते. बोटीच्या ट्रेलरला बहुधा सर्ज ब्रेक असतात. गाडी थांबली की ट्रेलर पुढे रेटला जातो आणि त्याच रेट्याने तोंडाशी असलेला सिलिंडर दाबला जाऊन ब्रेक लागतात. रिव्हर्स घेताना, विशेषतः चढावर, हाच रेटा उलटा अंगाशी येतो आणि ट्रेलरची चाकं जाम होतात. त्यासाठी पाच तारांच्या प्लगमधली निळी तार असते, रिव्हर्स दिव्याची वीज घेऊन ती ब्रेक मोकळे ठेवते. मोटरहोमच्या सात पिनांच्या सॉकेटमधल्या मधल्या पिनेत रिव्हर्स टाकल्यावर वीज येते का, ते टेस्टरने बघा. कित्येकदा तिला तारच जोडलेली नसते.

रॅम्पवर : आधी बोटीचा ड्रेन प्लग घट्ट लावा, दिव्यांचा प्लग काढा, आणि हायवेवरून आल्याआल्या तापलेली चाकं पाण्यात बुडवू नका, हब एकदम थंड होऊन बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं. अर्धा तास थांबा. निघताना ड्रेन प्लग काढून सगळं पाणी तिथेच सोडा. मिशिगनमध्ये २०१९ पासून हा कायदाच आहे. सेंट क्लेअर सरोवरात १९८८ मध्ये झेब्रा शिंपले (बाहेरून आलेले, उपद्रवी) सापडले आणि पुढे ते कुठल्या कुठे पसरले. एका तळ्यातलं पाणी दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही. हिगिन्सचं पाणी इतकं नितळ आहे की आई-बाबांना बोटीतून तळ दिसेल.

पहिल्या सहलीला निघताना सगळं भरून, सगळे बसून, बोट जोडून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) जा. पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर अशी तीन वजनं वेगवेगळी छापून मिळतात. मागचा एक्सल ड्रायव्हरच्या बाजूच्या वेगळ्या स्टिकरवरच्या एक्सलच्या मर्यादेपेक्षा जास्त भरला, तर पाण्याची टाकी रिकामी करा आणि हिगिन्सला पोचून भरा.