वाचकांचे प्रश्न : आर्थिक माहितीचा चॅटबॉट आणि चुकणारे आकडे

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. विद्यार्थ्यांच्या एका हॅकेथॉनसाठी, म्हणजे ठरावीक वेळेत प्रोग्रॅम तयार करण्याच्या स्पर्धेसाठी, आम्ही चौघे मिळून कंपन्यांच्या वार्षिक अहवालांवरील प्रश्नांना उत्तरे देणारा चॅटबॉट तयार करत आहोत. सरावासाठी केलेल्या आवृत्तीत आम्ही अहवालांच्या पीडीएफ फाइलींचे तुकडे करून ते व्हेक्टर डेटाबेसमध्ये (अर्थाने जवळचा मजकूर शोधून देणाऱ्या साठ्यात) साठवले आणि प्रश्नाशी जुळणारे तुकडे भाषा-मॉडेलला पुरवले. उत्तरांची भाषा उत्तम असते, पण आकडे कधी बरोबर येतात, तर कधी साफ चुकीचे. मॉडेल बदलावे की प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला दिलेली सूचना, सुधारावा?

उत्तर : या दोन्ही उपायांनी चुका थोड्या कमी होतील, पण थांबणार नाहीत, कारण चूक त्याच्याही आधी, कोष्टकाचे तुकडे पडतात तिथेच घडते. ॲपलच्या २०२३ च्या वार्षिक अहवालातील उत्पन्न-खर्चाचे पत्रक उघडून पाहा. एकूण निव्वळ विक्रीच्या ओळीत ३,८३,२८५ आणि शेजारी ३,९४,३२८ असे आकडे आहेत. त्यांतला कोणता कोणत्या वर्षाचा, हे वरच्या स्तंभशीर्षकात आहे. आणि रकमा दशलक्ष डॉलरमध्ये, शेअरची संख्या मात्र हजारांत दिली आहे, हे त्याच्याही वर कंसातल्या एका ओळीत छापले आहे. ती ओळ एका तुकड्यात आणि आकडे दुसऱ्यात गेले, की मॉडेलपुढे एकक आणि वर्ष हरवलेले नुसते आकडे उरतात. मग ते अंदाजाने वाक्य पूर्ण करते आणि वाक्य सफाईदार असल्यामुळे तो अंदाज आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की उत्तरातला एकही आकडा मॉडेलने स्वतः लिहू नये. प्रश्न वाचून त्यातील कंपनी, बाब आणि कालावधी ओळखणे एवढेच काम त्याच्याकडे द्या. आकडा कोष्टकांच्या रूपात साठवलेल्या डेटाबेसमधून यावा, वजाबाकी आणि टक्केवारी तुमच्या प्रोग्रॅमने करावी आणि तयार उत्तर वाक्यात बसवावे. ॲपलची विक्री २०२३ मध्ये किती टक्क्यांनी घटली, या प्रश्नाचे २.८ टक्के हे उत्तर अशा रीतीने दर वेळी तेच येईल. मॉडेलला थेट एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) लिहू देण्याचा मोह होतो, पण हॅकेथॉनच्या मर्यादित वेळेत आधीच तपासून ठेवलेली चार-पाच फंक्शने (एकेक ठरावीक काम करणारे कोडचे भाग) आणि त्यांतून निवड करण्याची मुभा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. एसक्यूएल लिहू द्यायचेच असेल, तर डेटाबेस केवळ वाचण्यापुरता खुला ठेवा.

डेटासाठी पीडीएफच्या मागे लागण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, एडगर या संग्रहात कंपन्यांनी एक्सबीआरएल स्वरूपात, म्हणजे प्रत्येक आकड्याला तो कशाचा हे सांगणारी खूण (टॅग) लावून, भरलेले आकडे प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या जेसन फाइलींमध्ये विनामूल्य मिळतात आणि त्यासाठी एपीआय-की (प्रवेशाचा सांकेतिक शब्द) लागत नाही. मागणी पाठवताना तिच्या हेडरमध्ये (सोबत जाणाऱ्या माहितीत) आपली ओळख द्यावी लागते आणि सेकंदाला १० मागण्यांची मर्यादा पाळावी लागते. इथे एक खाचखळगा आहे. प्रत्येक आकड्यासोबत येणारा आर्थिक वर्षाचा रकाना त्या आकड्याचे नव्हे, तर आकडा ज्या अहवालात छापला त्या अहवालाचे वर्ष सांगतो. त्यामुळे २०२३ च्या अहवालात तुलनेसाठी दिलेल्या २०२१ आणि २०२२ च्या विक्रीवरही २०२३ असेच लिहिलेले आढळते. वर्ष ठरवताना कालावधीच्या आरंभाची आणि अखेरची तारीखच पाहा. शिवाय विक्रीसाठी सर्व कंपन्या एकच टॅग वापरत नाहीत, आणि महसुलाच्या नोंदीचे नवे मानक २०१८ पासून लागू झाल्यावर अनेकांनी टॅग बदलला, म्हणून निवडलेल्या प्रत्येक कंपनीचे टॅग एकदा डोळ्यांखालून घाला. मोजक्या कंपन्या आणि विक्री, नफा, कर्ज अशा मोजक्या बाबी घेतल्यात, तर हे एका बैठकीत होते.

आर्थिक वर्षाबाबतही सावध राहा. मायक्रोसॉफ्टचे वर्ष ३० जूनला संपते, तर ॲपलचे सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी. दोघांच्या '२०२३' ची तुलना करताना बॉटने दोन्ही अखेरच्या तारखा उत्तरातच द्याव्यात. त्याबरोबर मूळ अहवालाचा दुवाही द्यावा, म्हणजे परीक्षकाला आकडा तिथल्या तिथे पडताळता येईल.

तुकड्यांवर केलेली मेहनत मात्र वाया जाणार नाही. विक्री का घटली, व्यवस्थापनाने कोणती जोखीम नोंदवली, अशा मजकुरावरच्या प्रश्नांना ती पद्धत चांगली लागू पडते. कोड लिहिण्यापूर्वी वीसेक प्रश्न आणि हाताने पडताळलेली त्यांची उत्तरे एका फाइलीत लिहून ठेवा. त्यांत काही प्रश्न असे असू द्या, की ज्यांचे उत्तर तुमच्या डेटात नाहीच. तिथे बॉटने 'ही माहिती उपलब्ध नाही' असे म्हटले, तरच तो उत्तीर्ण समजा.

प्रश्न : आमच्या बॉटला 'हा शेअर घ्यावा का?' असे विचारले, तर तो होकार किंवा नकार देतो. सादरीकरणात हे दाखवावे का?

उत्तर : दाखवू नये, आणि ही सोय काढूनही टाकावी. गुंतवणुकीचा सल्ला देण्यासाठी अनेक देशांत परवाना किंवा नोंदणी लागते. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी मागील वर्षांच्या विक्री-नफ्यावरून असा निष्कर्ष निघत नाही. शेअरची सध्याची किंमत, विचारणाऱ्याची गरज, त्याला झेपणारी जोखीम यांतले काहीच बॉटपाशी नसते. अशा प्रश्नाला त्याने आपण सल्ला देत नाही असे स्पष्ट सांगावे आणि त्या कंपनीची गेल्या तीन वर्षांची विक्री, नफा आणि कर्ज अहवालांच्या दुव्यांसह पुढे ठेवावे.