न्यू साउथ वेल्समधल्या जुन्या शेतकरी घराण्याचा माग कसा काढायचा?

1830-40च्या सुमारास इंग्लंडहून ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये येऊन शेतीला लागलेलं घराणं जमीन, लग्न आणि मृत्युपत्राच्या कागदांतून कसं शोधायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं सांगणं, शेवटाकडून, म्हणजे मृत्यूनंतरच्या कागदांपासून, सुरुवात करा. एकाच भागात तीन जॉन आणि चार विल्यम निघतात. जमिनीचा तुकडा मात्र एकच असतो, आणि आपला जॉन कोणता ते तोच सांगतो.

म्हणून आधी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाने दिलेली मान्यता. न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टाच्या या फायली 1817पासूनच्या आहेत. 1890पर्यंत प्रोबेट फक्त जंगम मालमत्तेपुरतं असायचं, त्यामुळे फायलीतला आकडा लहान दिसला तरी माणूस गरीब होता असं धरू नका. मृत्यू 1880 ते 1958मधला असेल तर इस्टेट ड्युटीची, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरच्या कराची, फाइलही मागवा. कर लावायचा म्हणून तिच्यात जमीन, गुरं, कधीकधी घरातल्या खुर्च्यासुद्धा मोजलेल्या असतात.

जमिनीत खरी मेहनत आहे. 1863पासून सरकारने दिलेली जमीन टॉरेन्स पद्धतीत येते, म्हणजे सरकारी नोंदवहीतली नोंद हाच मालकीचा पुरावा: व्हॉल्यूम-फोलिओ (खंड आणि पान) क्रमांक मिळाला की आपल्या फेरफारासारखे सगळे बदल त्याच पानावर. त्याआधीची जमीन 'ओल्ड सिस्टीम'मध्ये, म्हणजे मालकी एकामागून एक दस्तांवरून ठरायची, आणि तिथली सूची फक्त विकणाऱ्याच्या नावाची. आपल्या इंडेक्स टूसारखं घेणाऱ्याचं नाव घालून शोधता येत नाही. तेव्हा पूर्वजाने जमीन विकली तो दस्त काढा. त्याच्या सुरुवातीच्या मजकुरात ती कुणाकडून आली हे बहुधा असतं. बाप मेल्यावर मुलाच्या नावाचा दस्तच सापडत नसेल, तर मुलाने पुढे विकतानाचा दस्त वाचा. 'थोरला मुलगा आणि कायदेशीर वारस' असे शब्द आले, तर बाप मृत्युपत्राविना गेला होता. 1862च्या कायद्याआधी अशी सगळी जमीन थोरल्याकडे जायची. धाकटे भाऊ त्या गावातून अचानक गायब का होतात, त्याचं कारण पुष्कळदा हेच.

पॅरिश (जमीनमोजणीसाठी पाडलेला छोटा विभाग) नकाशावर नाव दिसलं म्हणून हुरळू नका. ते सरकारकडून पहिल्यांदा जमीन घेणाऱ्याचं असतं, नकाशा छापला तेव्हाच्या मालकाचं नव्हे. 1861च्या कायद्याने 40 ते 320 एकर सरकारी जमीन, एकरी 1 पौंड दराने, चौथा हिस्सा आधी भरून मिळायची. मोठ्या जमीनदारांनी पोरांच्या आणि नोकरांच्या नावावरही तुकडे घेतले. नावामागचा पैसा कुणाचा, हे वेगळं तपासावं लागतं.

लग्नाच्या सरकारी नोंदी 1 मार्च 1856पासून सुरू होतात. तेव्हापासून दाखल्यात आईवडिलांच्या नावांचे रकाने आहेत, पण काही पाद्र्यांनी ते कोरेच ठेवले. त्याआधी चर्चच्या वह्या. त्यात वधूवर, चर्चची पॅरिश आणि साक्षीदार, याहून फार नाही. साक्षीदारांची नावं मात्र जमिनीच्या दस्तांशी ताडून बघा, शेजारी आणि मेहुणे तिथेच सापडतात. लग्नाच्या नोंदींची सूची ऑनलाइन फुकट बघता येते. पूर्ण दाखला महाग पडतो. मान्यताप्राप्त ट्रान्सक्रिप्शन एजंटकडून (दाखल्याचा मजकूर उतरवून देणाऱ्याकडून) नुसता मजकूर घेतलात तर कमी पैशांत काम होतं.