माझे रंग पळाले!

प्रश्न : इचलकरंजीत कापड निर्यातीच्या एका कचेरीत मी पत्रव्यवहार बघते. मागच्या महिन्यात परदेशी गिऱ्हाइकाची मेल आली : पहिल्याच धुण्यात 'द कलर्स रॅन'. मी मालकांना सांगितलं, "साहेब, रंग पळाले म्हणतायत." सगळी कचेरी हसली. आता चहावालासुद्धा विचारतो, "ताई, सापडले का रंग?" त्याच मेलमध्ये 'रनिंग लो', 'ट्रायल रन' आणि 'रन इट पास्ट अस' असंही आहे. आम्हाला शाळेत 'रन म्हणजे धावणे' एवढंच शिकवलं. या शब्दाला अर्थ आहेत तरी किती?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : हसणाऱ्यांना हसू द्या. मी याहून मोठी चूक केलेली आहे आणि ती छापून येता येता राहिली.

जानेवारी १९८४. एका दैनिकात मी रात्रपाळीचा उपसंपादक, नोकरीला जेमतेम चार महिने झालेले. टेलिप्रिंटरवर बातमी आली की अमेरिकेचे अध्यक्ष रेगन पुन्हा 'रन' करणार. मी ऐटीत मथळा केला : 'रेगन पुन्हा धावणार'. आमच्या मुख्य उपसंपादकांनी चष्मा कपाळावर चढवला. "बहात्तर वर्षांचा माणूस," ते म्हणाले, "कुठपर्यंत धावणार?" मग लाल पेन्सिलीने काट मारून वर लिहिलं : 'रेगन पुन्हा रिंगणात'. पुढे निवृत्त होईपर्यंत ते मला 'काय धावपटू' अशीच हाक मारत. तेव्हा चहावाल्याचं फार मनावर घेऊ नका.

गंमत अशी की निवडणुकीत धावतो तो अमेरिकन. इंग्लंडातला उमेदवार 'स्टँड' करतो, म्हणजे आपल्यासारखा उभाच राहतो. आपला उमेदवार उभा राहतो, कधी कुणी बसवला तर बसतो, नाहीतर पडतो. धावणं त्याच्या नशिबी नाही. निकालानंतर त्याला कुणी पळवलं तर तेवढंच.

आता तुमचा आकडा. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. त्या कोशात पुष्कळ वर्षं सगळ्यांत लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. नव्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी तपासायला घेतल्या तेव्हा 'रन'ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर या कोशकाराला ती एक नोंद उरकायला नऊ महिने लागले. एका क्रियापदाचं अख्खं बाळंतपणच की!

पण हे ६४५ पाठ करायला बसू नका. कोशात प्रत्येक छटेला वेगळा क्रमांक मिळतो म्हणून आकडा फुगतो. बोलणारा इंग्रज काही ६४५ खणांतून शब्द काढत नाही. त्याच्या मनात एकच चित्र असतं : काहीतरी न अडता पुढे जातंय. शब्दाचं मूळही तेच सांगतं. 'रन'चा जर्मन भाऊबंद 'रिनेन' आजही पाण्याच्या वाहण्याला वापरतात. आपल्या 'धावणे'च्या मागे जो संस्कृत 'धाव्' धातू आहे, त्यातही धावणं आणि वाहणं दोन्ही होतं. मराठीत येईतो त्यातलं पाणी आटलं, इंग्रजीत ते राहिलं. म्हणून त्यांचं नाक 'रन' होतं, नदी होते, नळ होतो आणि तुमचे रंगही होतात. तुमचं भाषांतर चुकलं खरं, पण आडरानात गेलं नव्हतं.

मराठी काय करते ते बघा. ती क्रियापद निवडण्याआधी विचारते, कोण 'रन' होतंय? नाक असेल तर ते गळतं. ताप असेल तर तो येतो. रस्ता जातो, दूध संपतं, सिग्नल तोडला जातो. आणि उरलेल्या निम्म्या जागी, जिथे इंग्रज पळतो, तिथे आपण शांतपणे चालतो. माग चालतात, दुकान चालतं, खटला वर्षानुवर्षं चालतो, नाटक चाललं तर निर्माता चालतो. घर 'चालवणं' आणि इंग्रजीतलं घर 'रन' करणं एकच, फक्त आपल्याकडे दम कमी लागतो. मुलगा वाया गेला तरी आपण म्हणतो, 'चालायचंच'. त्यात जो निःश्वास आहे तो धावत्या माणसाला सोडताच येणार नाही.

तुमच्या मेलकडे येतो, कारण इथे शब्दावर पैसे अडकलेत. रंग जाणं निराळं आणि रंग सुटणं निराळं. कापड फिकं पडलं तर रंग 'गेला'. त्याला इंग्रजीत 'फेड' म्हणतात. एका पट्टीचा रंग सुटून शेजारच्या पांढऱ्या पट्टीला लागला तर 'रन'. गिऱ्हाइकाची तक्रार ही दुसरी आहे. सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंग वापरले असतील तर धाग्याने न धरलेला रंग शेवटच्या साबणाच्या धुण्यात काढून टाकावा लागतो. ते धुणं अपुरं पडलं की उरलेला रंग गिऱ्हाइकाच्या बादलीत सुटतो. तेव्हा मालकांना म्हणा, "रंग सुटून दुसऱ्याला लागतोय, प्रोसेसवाल्याला विचारा." 'रनिंग लो' म्हणजे त्यांच्याकडचा साठा संपत आलाय. 'ट्रायल रन' म्हणजे आधी थोडा माल काढून बघा. 'रन इट पास्ट अस' म्हणजे मोठा लॉट लावण्यापूर्वी आमच्या नजरेखालून घाला. शेवटच्या दोन वाक्यांवरून वाटतं, गिऱ्हाईक अजून तुटलेलं नाही. उत्तर आजच पाठवा.

प्रश्न : स्टेशनवर ऐकू येतं, 'गाडी वीस मिनिटे उशिराने धावत आहे.' धावत असेल तर उशीर कसा?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मला तरी यात 'रनिंग लेट'चा वास येतो. वीस मिनिटं फलाटावर ताटकळलेल्या माणसाच्या तोंडून 'धावत आहे' निघणार नाही. तो म्हणतो, 'गाडी लेट आहे', आणि पुढे आणखी जे म्हणतो ते या सदरात छापता येत नाही.

प्रश्न : 'रन आउट'ला आपण धावचीत म्हणतो. यातलं 'चीत' कुठून आलं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आखाड्यातून. कुस्तीत पाठ मातीला लागली की पैलवान चीत. तोच शब्द क्रिकेटच्या मैदानावर नेला आणि धावचीत, यष्टिचीत, पायचीत, त्रिफळाचीत अशी अख्खी तालीम उभी राहिली. 'आउट' म्हणजे नुसतं बाहेर. आपल्याकडे फलंदाजाला आधी पाडावा लागतो. मराठीत हा शब्द मला सगळ्यांत प्रिय, कारण इथे 'रन'ला खरोखर 'धाव' मिळाली आहे. फक्त घरातली साखर 'रन आउट' झाली तर तिला धावचीत म्हणू नका. माझ्या नातवाने म्हटलं होतं. त्याला मी रागावलो नाही, वाण्याकडे पिटाळलं.