नातवाला भेटायला जा, पण पोस्टातली रक्कम मोडू नका

प्रश्न : डिसेंबर २०१९ मध्ये साखर कारखान्यातून निवृत्त झालो. जानेवारी २०२० मध्ये पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख ठेवले. बँकेत ६ लाखांची एफडी आहे, ती ऑगस्टमध्ये संपते. पेन्शन किरकोळ. मुलगा न्यू जर्सीत असतो. नातू ऑक्टोबर २०२० चा, करोनामुळे अजून फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलाय. आमच्याकडे दहा वर्षांचा व्हिसा आहे. जूनमधलं दोघांचं तिकीट २ लाख ८० हजार सांगतात, सगळं धरून ४ लाख लागतील. मुलगा देतो म्हणतो, पण मला त्याच्याकडून घ्यायला नको वाटतं. पोस्टातले पैसे काढू का? पत्नीला शुगर आणि बीपी आहे.
— एक वाचक, सांगली जिल्हा (मे २०२२)

नमस्कार काका,

तुम्ही दोघं जरूर जा. नातू पावणेदोन वर्षांचा होत आला, आणि २७ मार्च २०२२ पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानंही सुरू झाली आहेत. फक्त पोस्टाच्या खात्याला हात लावू नका.

तुम्ही पैसे ठेवले त्या तिमाहीत या योजनेचा दर ८.६ टक्के होता. एप्रिल २०२० पासून तो ७.४ वर आला. तुमचा ८.६ पाच वर्षांसाठी पक्का आहे, म्हणजे जानेवारी २०२५ पर्यंत दर तिमाहीला ३२,२५० रुपये येत राहणार. या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत. ४ लाखांसाठी सगळं खातं बंद करावं लागेल. दोन वर्षं झाली असल्याने एक टक्का, म्हणजे १५ हजार कापले जातील. उरलेले १० लाख ८५ हजार परत याच योजनेत ठेवले तरी मे २०२२ च्या ७.४ टक्के दराने तिमाहीला साधारण २०,०७० मिळतील. दर तीन महिन्यांना १२ हजारांहून थोडा जास्तच फटका. पेन्शन किरकोळ असताना हा तुमचा घरखर्च आहे.

म्हणून तिकीट आणि विमा मुलाला करू द्या. तुम्हाला ते नको वाटतं, हे मी समजू शकतो. पण तिमाहीचं व्याज घटलं, तर उद्या त्यालाच दर महिन्याला पैसे पाठवावे लागतील, आणि ते घेणं तुम्हाला जास्त जड जाईल. तिथला वरखर्च तुम्ही करा. ऑगस्टमध्ये एफडी संपली की त्यातले दीड लाख घ्या आणि उरलेल्या साडेचार लाखांच्या दीड-दीड लाखाच्या तीन पावत्या करा. अडीअडचणीला एकच मोडता येईल. इथल्या दवाखान्यासाठी हीच रक्कम आहे, ती याहून कमी होऊ देऊ नका.

आता विमा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, पण मला खरी काळजी त्याचीच वाटते. तिकीट महाग पडलं तर लाखभर रुपये जास्त जातात. अमेरिकेत काकूंना चार दिवस हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं, तर बिल हजारो डॉलरचं येतं, आणि मे २०२२ मध्ये डॉलर ७७ रुपयांच्या आसपास होता. इथला मेडिक्लेम सहसा तिथे चालत नाही. मुलाला सांगा, 'फिक्स्ड बेनिफिट' पॉलिसी स्वस्त दिसली तरी घेऊ नको. त्यात खोलीचे दिवसाला इतके, ऑपरेशनचे इतके अशी रक्कम ठरलेली असते, वरचं सगळं आपल्या खिशातून. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' (प्रत्यक्ष बिलाचा मोठा भाग मर्यादेपर्यंत देणारी) घ्यायला सांगा, दोघांना प्रत्येकी किमान एक लाख डॉलरची. त्यात 'अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन्स' हे शब्द आहेत का, आणि त्याची मर्यादा किती, हे त्याने स्वतः वाचावं. जुन्या दुखण्याने अचानक उचल खाल्ली तर याच कलमाखाली पैसे मिळतात. शुगरची नेहमीची तपासणी आणि गोळ्या त्यात बसत नाहीत, म्हणून पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह इथूनच न्या. करोनाचा उपचार इतर आजारांसारखाच धरला आहे, असं पॉलिसीत लेखी हवं. काही पॉलिसींमध्ये महामारी वगळलेली असते.

जूनचा हट्ट सोडा. तिथल्या शाळांच्या सुट्टीत तिकिटं चढी असतात. यंदा (२०२२) गणपती ३१ ऑगस्टला बसतात आणि ९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आहे. विसर्जन आटोपून निघा, नातवाचा दुसरा वाढदिवस करा आणि कडाक्याची थंडी पडायच्या आत डिसेंबरच्या सुरुवातीला परत या. सहा महिन्यांऐवजी तीन महिने राहिलात, तर विम्याचा हप्ताही साधारण निम्म्यावर येईल.

तिकीट तारीख बदलता येणारं घ्या, थोडं महाग असलं तरी. मे २०२२ च्या नियमाप्रमाणे अमेरिकेला निघण्याच्या फार तर एक दिवस आधीची करोनाची निगेटिव्ह टेस्ट लागत होती. ती पॉझिटिव्ह आली तर बॅगा भरलेल्या असूनही घरी थांबावं लागे. आणि तिकीट थेट विमान कंपनीच्या वेबसाइटवरून काढायला सांगा. २०२० मध्ये रद्द झालेल्या तिकिटांच्या परताव्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ ऑक्टोबर २०२० ला निकाल लागला. त्यातही एजंटकडून काढलेल्या तिकिटाचे पैसे एजंटमार्फतच परत यायचे होते. मधला माणूस जितका कमी तितकं बरं. तिथली एखादी सहल करायची असेल तर तीही मुलाला तिथूनच बुक करू द्या. इथल्या कंपनीकडून परदेशी टूर पॅकेज घेतलं की टीसीएस (विक्रेत्याने आधीच वसूल करायचा आयकर, २०२२ मध्ये ५ टक्के) आधी भरावा लागतो. रिटर्न भरून तो परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

लसीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आज रात्रीच पासपोर्टशी ताडून पाहा. आधारवर 'सुनीताबाई' आणि पासपोर्टवर 'सुनीता' असं आपल्याकडे सर्रास असतं. को-विनवर नाव दुरुस्त करता येतं, पासपोर्ट नंबरही जोडता येतो. मे २०२२ मध्ये कोव्हिशिल्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्ही तिथे चालत होत्या.

ईपीएफओचा (तुमची पेन्शन देणाऱ्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचा) हयातीचा दाखला निघण्यापूर्वी देऊन टाका. तो कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये तुम्ही तिथे असलात तरी पेन्शन थांबणार नाही.